घरासाठी बिनतारी कॅमेरा : घेताना आणि बसवताना

कापडाच्या धंद्यात माल घेण्यापूर्वी तागा उलगडून पाहण्याचा दस्तूर आहे. पन्हा मोजला जातो, ताणा-बाणा बोटांनी चाचपला जातो, एखादा तुकडा भिजवून रंग सुटतो काय तेही पाहिले जाते. परंतु हेच आमचे व्यापारी बंधू घरासाठी कॅमेरा घ्यावयास जातात तेव्हा डब्यावरील चित्र पाहतात, थोडा दर उतरवून घेतात आणि डबा पिशवीत घालून घरी येतात. दुकानदार म्हणतो, यात सर्व काही आहे. सर्व काही म्हणजे नेमके काय, हे विचारण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही.

हा विषय व्यापाराच्या पानावर घेण्याचे कारण असे की, मालेगाव, भिवंडीसारख्या गावांत आपल्या पुष्कळ लोकांचे घर आणि धंदा एकाच छपराखाली असतो. खाली साचे, दुकान किंवा मालाची खोली आणि वर राहते घर. जिना एकच. त्याच जिन्याजवळून दिवसभर हमाल, मेहताजी, दलाल, सुतवाले ये-जा करतात आणि त्याच जिन्याने घरच्या लेकी-सुना व पाहुणे मंडळी चढतात. हजला जावे तर घर चाळीसेक दिवस बंद राहते. लग्नसराईत सारे कुटुंब दोन-दोन दिवस बाहेरगावी असते. तेव्हा कॅमेऱ्याची गरज खोटी नाही. पूर्वी भिंती फोडून, तारा ओढून चार कॅमेरे बसविणे मोठ्या पेढ्यांनाच परवडत असे. आता दीड-दोन हजार रुपयांपासून वायफायवर चालणारा कॅमेरा मिळतो आणि घरातला मुलगा अर्ध्या तासात तो मोबाइलला जोडून देतो. काम इतके सोपे झाल्यामुळेच दोन प्रश्न मागे पडले आहेत. कॅमेरा पाहणार काय? आणि त्याने पाहिलेले कोणाच्या ताब्यात राहणार? आमच्या मते दुसरा प्रश्न पहिल्याहून मोठा आहे. मात्र सुरुवात पहिल्यापासून करू.

बिनतारी, पण कितपत?

बिनतारी म्हटले की तार मुळीच नाही, असा समज होतो. तो बरोबर नाही. बहुतेक बिनतारी कॅमेऱ्यांना विजेची तार लागतेच; फक्त चित्र तेवढे वायफायने जाते. खरोखर तार नसलेला कॅमेरा बॅटरीवर चालतो, आणि बॅटरी वाचविण्यासाठी तो एरवी झोपलेला असतो. समोरून ऊब असलेले शरीर हलले की आतला सेन्सर त्याला उठवतो आणि मग चित्रण सुरू होते. उठण्यात एक-दोन सेकंद जातात. चपळ माणूस तेवढ्यात पाठ फिरवून गेलेला असतो. शिवाय हा सेन्सर आजूबाजूची हवा आणि अंगाची ऊब यांतला फरक ओळखतो. मे महिन्यात आमच्या मालेगावात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा हा फरक फार कमी उरतो, आणि भर दुपारी माणूस समोरून जाऊनही कॅमेरा उठत नाही असे घडू शकते. आडवा चालत जाणारा माणूस सेन्सरला चटकन कळतो, सरळ कॅमेऱ्याच्या दिशेने येणारा उशिरा कळतो. म्हणून बॅटरीचा कॅमेरा लावावयाचाच असेल तर येणाऱ्याची वाट त्याच्यासमोरून आडवी जाईल अशा जागी लावावा. उन्हात तापणाऱ्या पत्र्याखाली तो लावू नये, लिथियमच्या बॅटरीला उष्णता मानवत नाही.

आमचे मत विचाराल तर, जेथे तार नेणे शक्य आहे अशा मुख्य दाराला आजही तारेचाच कॅमेरा चांगला. बिनतारी कॅमेरा भाड्याच्या घरासाठी, भिंत फोडता येत नाही अशा जुन्या वास्तूसाठी, गच्चीच्या दारासाठी आणि एक-दोन जागांवर काम भागणाऱ्या लहान कुटुंबासाठी घ्यावा. सहा-आठ कॅमेरे एकाच वायफायवर लादले की सारेच अडखळू लागतात.

वायफायचे म्हणाल तर अशा कॅमेऱ्यांपैकी बरेच २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीवरच चालतात. ही लहर भिंतीतून ५ गिगाहर्ट्झच्या लहरीपेक्षा बरी पार होते. परंतु दीड फुटी दगडी भिंत, लोखंडी कपाट आणि दुकानाचे शटर तिलाही आडवे येतात. शटरची गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. राऊटर दुकानात आणि कॅमेरा बाहेर, अशी मांडणी पुष्कळांची असते. दिवसा शटर वर असते तेव्हा चित्र झकास येते. रात्री शटर पडले की मध्ये लोखंडाची भिंत उभी राहते, आणि नेमके ज्या वेळी कॅमेरा हवा त्याच वेळी चित्र तुटते. म्हणून जागा ठरविताना रात्री, शटर पाडून, घराची सर्व दारे लावून तपासणी करावी. खिळे ठोकण्यापूर्वी कॅमेरा तेथे कोणाच्या तरी हातात धरून पाच मिनिटे मोबाइलवर चित्र पाहिले की काम भागते.

किती लांबचे दिसते

दुकानदार मेगापिक्सेलचा आकडा सांगतो. त्या आकड्याला आम्ही पन्हा समजतो. पन्ह्यावरून कापड किती रुंद ते कळते, वीण किती घट्ट ते कळत नाही. दोन मेगापिक्सेलच्या चित्रात आडव्या ओळीत १९२० ठिपके असतात. अनोळखी माणसाचा चेहरा नक्की ओळखता यावा यासाठी कॅमेऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकात एक मीटर रुंदीला २५० ठिपक्यांचा हिशेब धरला आहे. १९२० ला २५० ने भागले तर साडेसात मीटरच्या आसपास रुंदी येते. म्हणजे चित्रात यापेक्षा जास्त रुंद जागा मावत असेल, तर माणूस दिसेल पण ओळखता येईलच असे नाही. चार मिलिमीटरची भिंग असलेल्या साधारण कॅमेऱ्याच्या बाबतीत हे अंतर सुमारे पंधरा फूट भरते, आणि २.८ मिलिमीटरच्या रुंद भिंगात दहा फुटांच्या आतबाहेर. ओळखीच्या माणसासाठी याच्या दुप्पट अंतर चालते, कारण त्याची चाल, अंगलट आपल्याला ठाऊक असते.

या हिशेबावरून एक गोष्ट उघड होते. सारी गल्ली एका कॅमेऱ्यात घेण्याचा मोह वाया जातो. गल्ली दिसते, चेहरा दिसत नाही. आपल्याला हवा आहे तो दारात आलेल्या माणसाचा चेहरा. त्यासाठी कॅमेरा साडेसात-आठ फुटांवर, दाराच्या थोडा बाजूला आणि येणाऱ्याच्या तोंडासमोर हवा. हात पोहोचू नये म्हणून बारा-पंधरा फुटांवर लावलेल्या कॅमेऱ्यात आम्ही लोकांच्या टोप्यांचे फार सुंदर चित्रण पाहिले आहे! टोपी कोणी विणली ते सांगता येईल, कोणी घातली ते सांगता येणार नाही.

गरगर फिरणाऱ्या कॅमेऱ्यांची सध्या चलती आहे. मोबाइलवर बोट फिरविले की तो मान वळवितो, म्हणून मुलांना आवडतो. पण उजवीकडे पाहणारा कॅमेरा डावीकडचे पाहत नाही. रात्री कोणी गंमत म्हणून तो फिरवून ठेवला तर सकाळपर्यंत तो भिंतच पाहत बसतो. दारासाठी स्थिर कॅमेरा घ्यावा. दार पूर्वेला किंवा पश्चिमेला उघडत असेल तर सकाळ-संध्याकाळ उन्हाच्या झळाळीपुढे माणूस काळी आकृती होतो. अशा जागी डब्ल्यूडीआर नावाची सोय खरी आहे की डब्यावरच लिहिलेली आहे, हे दुकानात उजेडाकडे कॅमेरा धरून पाहावे. बाहेरच्या कॅमेऱ्यावर आयपी ६५ किंवा ६६ असा शिक्का असावा. यातील पहिला ६ धुळीचा आणि दुसरा आकडा पाण्याचा. साच्यांजवळ उडणारी रुई भिंगावर बसतेच, तिला शिक्का काही करत नाही. आठवड्याला मऊ फडके मारावे लागते.

रात्रीचा रंग खोटा असतो

येथे आम्ही कापडवाले थोडे अधिक बोलणार, कारण हा मामला आमच्या धंद्यातला आहे.

अंधार पडला की बहुतेक कॅमेरे रंग सोडून देतात आणि स्वतःचा इन्फ्रारेड उजेड टाकून काळे-पांढरे चित्र काढतात. हा उजेड आपल्या डोळ्यांना दिसत नाही. आता रंगाचे असे असते की, काळे कापड आपल्याला काळे दिसते याचे कारण त्यातला रंग डोळ्यांना दिसणारा उजेड गिळून टाकतो. तो इन्फ्रारेडही गिळेलच असे नाही. कापड रंगविण्याच्या बऱ्याच काळ्या रंगांवरून इन्फ्रारेड उलट परततो, आणि मग काळा कुर्ता कॅमेऱ्यात राखाडी, कधी जवळजवळ पांढराही दिसतो. कार्बनच्या काळ्या रंगद्रव्याचा माल मात्र काळाच राहतो. बाजारात दोन्ही कापडे शेजारी ठेवली तर गिऱ्हाइकाला फरक सांगता यायचा नाही.

ही नुसती पुस्तकी माहिती नव्हे. आमच्या मोहल्ल्यात एका होजिअरीवाल्यांच्या जिन्याखालून पहाटे तीनच्या सुमारास मालाची दोन बंडले गेली. कॅमेऱ्यात पाठमोरा माणूस दिसला, अंगात पांढरा कुर्ता-पायजमा. त्यांच्याकडे कामाला असलेला एक मुलगा नेहमी पांढरे कपडे घालतो, अंगाने तसाच सडपातळ. झाले, सर्वांची बोटे त्याच्याकडे वळली. त्याच्या अम्मीला बोलावणे गेले. ती बिचारी दारात उभी राहून पदराने डोळे पुसत होती आणि चार माणसे मोबाइलवर तेच ते चित्र पाहत होती. आम्हांला मोहल्ल्यातील वडीलधारे म्हणून बोलावले होते. आम्ही म्हटले, "भाई, कुर्ता पांढराच होता हे कशावरून?" ते म्हणाले, "हाजीसाहेब, डोळ्यांनी दिसते आहे की."

आम्ही दुकानातून तीन काळे तुकडे मागविले, एक सुती, एक पॉलिस्टर, एक मिश्र, आणि सोबत एक पांढरा. रात्री दिवे मालवून चारही तुकडे त्याच जिन्यापाशी दोरीवर टांगले. मोबाइलवर पाहिले तर सुती काळा राखाडी झालेला, मिश्र तुकडा पांढऱ्याच्या इतका जवळ की दोन्हींतला फरक दाखवावा लागला, आणि पॉलिस्टर तेवढे काळेच. होजिअरीवाले काही वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी त्या मुलाच्या अम्मीची माफी मागितली. मुलगा मात्र पुन्हा त्यांच्याकडे कामाला आला नाही, तो सुरतेला निघून गेला.

तेव्हा रात्रीच्या चित्रणावरून कपड्याच्या रंगाची साक्ष कोणी देऊ लागला तर त्याला थांबवावे. रंगच हवा असेल तर दारावर रात्रभर जळणारा एक साधा एलईडी दिवा लावावा. बऱ्यापैकी उजेड असला की पुष्कळ कॅमेरे रात्रीही रंगीत चित्र देतात, आणि चोरालाही उजेड आवडत नाही. खिडकीच्या काचेआडून बाहेर पाहणारा कॅमेरा रात्री निकामी होतो, त्याचाच इन्फ्रारेड काचेवरून परतून चित्र पांढरे पडते. कोळ्याच्या जाळ्याचेही तसेच.

पाहिलेले कोणाकडे राहते

आता दुसरा प्रश्न. कॅमेऱ्याने काढलेले चित्र दोन ठिकाणी राहू शकते, कॅमेऱ्यातील बोटाच्या नखाएवढ्या कार्डावर किंवा कंपनीच्या दूरच्या संगणकावर, ज्याला क्लाऊड म्हणतात. कार्डाचा हिशेब सोपा आहे. सेकंदाला दोन मेगाबिट या दराने अखंड चित्रण केले तर दिवसाला साडेएकवीस जीबीच्या आसपास जागा लागते. म्हणजे ६४ जीबीचे कार्ड तीन दिवसही पुरत नाही आणि १२८ जीबीचे सहा दिवसांच्या आत भरते. भरले की जुने पुसून नवे लिहिले जाते. एच.२६५ पद्धतीचा कॅमेरा असला तर जागा जवळजवळ निम्मी लागते. हजला जाणाऱ्यांनी हा हिशेब मांडूनच जावे, आणि फक्त हालचाल झाल्यावर चित्रण करण्याची सोय चालू करावी. कार्ड सतत लिहिण्यासाठी बनविलेले, हाय एंड्युरन्स लिहिलेले घ्यावे. मोबाइलचे साधे कार्ड या कामात लवकर दगा देते. चोर कॅमेराच उपटून नेईल तर कार्डही जाईल, ही अडचण आहे. त्यासाठी क्लाऊड उपयोगी. पण क्लाऊडला बहुधा दर महिन्याचे भाडे असते. फुकटचे महिने संपले की जुने चित्रण दिसेनासे होते काय, हे घेतानाच विचारून घ्यावे.

क्लाऊडची दुसरी बाजू अशी की, आपल्या घराची चित्रे परक्याच्या हवाली असतात. अमेरिकेत रिंग ही घरगुती कॅमेऱ्यांची मोठी कंपनी. तिच्या नोकरांना गिऱ्हाइकांच्या घरातील खासगी चित्रणे पाहता येत होती, अशी तक्रार तेथील फेडरल ट्रेड कमिशनने केली आणि मे २०२३ मध्ये कंपनीने ५८ लाख डॉलर भरण्याचे मान्य केले. फेब्रुवारी २०२४ मध्ये वाइझ या कंपनीच्या सुमारे १३ हजार गिऱ्हाइकांना दुसऱ्यांच्याच कॅमेऱ्यांतील चित्रे दिसली.

आपल्याकडे फेब्रुवारी २०२५ मध्ये उघडकीस आलेले प्रकरण तर मन विषण्ण करणारे आहे. राजकोटच्या एका प्रसूतिगृहात तपासणीच्या खोलीतील महिलांचे चित्रण इंटरनेटवर विकले जात असल्याचे आढळले. गुजरात पोलिसांनी पकडलेल्यांत आपल्या लातूर व सांगलीकडचे तरुणही होते. कॅमेऱ्यांना कारखान्यातून येणारा सोपा पासवर्डच ठेवलेला होता, असे तपासाच्या बातम्यांत आले. कुलूप लावून किल्ली कडीला टांगून ठेवावी तसाच हा प्रकार. ही खोड जुनी आहे. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी मिराई नावाच्या घातक प्रोग्रॅमने असेच मूळ पासवर्ड असलेले हजारो कॅमेरे व रेकॉर्डर ताब्यात घेऊन अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास बंद पाडल्या होत्या. त्या कॅमेऱ्यांच्या मालकांना याचा पत्ताही नव्हता.

भारत सरकारने ९ एप्रिल २०२५ पासून कॅमेऱ्यांच्या विक्रीसाठी सुरक्षिततेची प्रयोगशाळा-तपासणी सक्तीची केली आहे, ती याच काळजीपोटी. म्हणून डब्यावर आणि कॅमेऱ्यावर भारतीय मानक ब्युरोची नोंदणी खूण पाहावी. तिच्यासोबत आयएस १३२५२ हा आकडा आणि आर या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. ब्युरोच्या बीआयएस केअर या मोबाइल ॲपमध्ये तो क्रमांक टाकला की नोंदणी कोणाच्या नावाची आहे ते कळते. डब्यावर एक नाव आणि ॲपमध्ये भलतेच असेल तर डबा परत करावा. पक्के बिल घ्यावे. बिलाशिवाय तीनशे रुपये वाचतात हे खरे, पण आपणच गिऱ्हाइकाला कच्च्या मालाबद्दल काय सांगतो ते आठवावे.

बसवून देणारा कारागीर पुष्कळदा घाईत आपल्याच मोबाइलवर, आपल्याच ई-मेलवर खाते उघडतो आणि मग घरमालकाला 'शेअर' करतो. वरून सारे ठीक दिसते, पण किल्ली त्याच्याकडेच राहते. तो माणूस प्रामाणिक असेलही. प्रश्न त्याच्या प्रामाणिकपणाचा नाही. खाते पहिल्यापासून घरमालकाच्या किंवा मालकिणीच्या मोबाइलवर उघडावे, पासवर्ड कारागीर गेल्यावर बदलावा आणि दुसऱ्या टप्प्याची, म्हणजे ओटीपीची खात्री चालू करावी. कॅमेऱ्याच्या बुडाशी चौकोनी क्यूआर कोड असतो, त्याचा फोटो काढून ठेवून वर चिकटपट्टी लावावी. राऊटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळे वायफाय करण्याची सोय बहुधा असते, कॅमेरे त्यावर जोडावेत, म्हणजे दुकानाच्या हिशेबाचा संगणक आणि कॅमेरा एका दावणीला राहत नाहीत. जुना कॅमेरा कोणाला देताना कार्ड काढून, खात्यातून नाव वगळून द्यावा.

घराच्या आत नको

आमच्या घरी हा विषय निघाला तेव्हा धाकट्या भावाने दिवाणखान्यातही एक कॅमेरा लावण्याचे सुचविले, अब्बांच्या देखभालीसाठी. त्यावर आमच्या भावजयींनी विचारले, "भाईजान, मी रात्री पाण्याला उठले तर ते कोण पाहणार?" त्यावर कोणापाशी उत्तर नव्हते, आणि दिवाणखान्याचा विचार तेथेच संपला. परक्याच्या घरात इजाजतीशिवाय पाऊल टाकू नये आणि कोणाच्या खासगी गोष्टींची टोह घेऊ नये, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो. स्वतःच्या घरातील स्त्रियांना ती लागू नाही, असे कोण म्हणेल? आजारी वडीलधाऱ्यांसाठी खरोखर गरजच असेल तर फक्त त्यांच्या पलंगाकडे पाहणारा, भिंगावर सरकते झाकण असलेला कॅमेरा घ्यावा, त्यांना विचारून घ्यावा, आणि घरात माणूस असताना तो पिनेवरून बंद ठेवावा.

एकत्र कुटुंबांनी कोलकात्याचा निकालही लक्षात ठेवावा. एका वडिलोपार्जित घरात राहणाऱ्या दोन भावांपैकी एकाने दुसऱ्याच्या संमतीशिवाय राहत्या भागात कॅमेरे लावले. कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये ते कॅमेरे चालविण्यास मनाई केली आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा निकाल बदलला नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजीच सांगितले आहे. आपल्या अरुंद गल्ल्यांत तर समोरच्याचा ओटा, खिडकी, कपडे वाळत घालण्याची दोरी, सर्व काही चित्रात येते. कॅमेऱ्याच्या ॲपमध्ये चित्राचा नको तो भाग काळा करण्याची सोय असते, ती वापरावी आणि शेजाऱ्याला बोलावून मोबाइलवर चित्र दाखवावे. एका प्याला चहाचे काम आहे. मग तोच शेजारी आपल्या माघारी दाराकडे लक्षही ठेवतो. आवाज टिपण्याची सोय बाहेरच्या कॅमेऱ्याची तरी बंदच ठेवावी, जिन्यात बायका उभ्या राहून बोलतात. कामगारांना कॅमेरा आहे हे सांगावे आणि तशी पाटीही लावावी.

वीज आणि साक्ष

वीज गेली की राऊटर बंद पडतो आणि कॅमेराही. चोराला हे ठाऊक असते, आणि आपल्या इमारतींत मीटरची पेटी जिन्याखाली उघडीच असते. घरात इन्व्हर्टर असेल तर दोन्ही त्यावर घ्यावेत, नसेल तर राऊटरचा बारा व्होल्टचा छोटा यूपीएस हजार-दोन हजारांत मिळतो. घेताना कॅमेऱ्याला किती व्होल्ट लागतात ते त्याच्या अडॅप्टरवर वाचावे. काही बाराचे, काही पाचचे असतात आणि चुकीची पिन लावली की कॅमेरा जळतो. वायफाय तुटले तरी कार्डावर चित्रण चालू राहते काय, हे राऊटर मुद्दाम बंद करून एकदा पाहून घ्यावे.

चोरी झालीच तर पहिली गोष्ट म्हणजे कॅमेरा बंद करून कार्ड बाहेर काढावे, नाहीतर जुने चित्रण नव्याखाली पुसले जाईल. आपल्याकडे उलटे होते. चित्रणाचा तुकडा व्हॉट्सॲपवर साऱ्या मोहल्ल्यात फिरतो आणि मूळ कार्ड आठवडाभर कॅमेऱ्यातच राहते. व्हॉट्सॲपने पाठविलेली फाइल दाबून लहान केलेली असते, ती मूळ फाइल राहत नाही. न्यायालयात याचे महत्त्व मोठे आहे. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीचा खटला कॅमेऱ्यातील चित्रणावरूनच लढला गेला आणि सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी त्यात स्पष्ट केले की, अशा चित्रणाची नक्कल पुरावा म्हणून द्यावयाची तर कायद्यात सांगितलेले प्रमाणपत्र हवेच. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला आणि हे प्रमाणपत्र आता त्याच्या कलम ६३ खाली द्यावे लागते. त्याचे दोन भाग असतात, एक चित्रण देणाऱ्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरावयाचा. त्यात फाइलीची हॅश किंमत लिहावी लागते. ही हॅश म्हणजे फाइलीच्या अंगठ्याचा ठसा. फाइलीत एक ठिपका बदलला तरी ठसा बदलतो.

त्यासाठी कॅमेऱ्याची तारीख-वेळ नेहमी बरोबर असली पाहिजे. घड्याळ वीस मिनिटे मागे असेल तर समोरचा वकील तेवढेच धरून बसेल. कार्डावरील मूळ फाइल पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावी, कार्ड पाकिटात घालून त्यावर तारीख व वेळ लिहावी. पोलिसांना कार्ड देताना पंचनाम्यात त्याचा क्रमांक व जीबी लिहून घ्यावे आणि पोच मागावी. नवे कार्ड घरात आधीच आणून ठेवलेले असले तर कॅमेरा त्याच रात्री पुन्हा चालू करता येतो.